थोडाच आणि थोडाफार

"आपा, लिटल बोले तो थोडा ना?"

मगरिबनंतर वह्या तपासत बसले होते, तेव्हा हा फोन आला. आवाज ओळखीचा होता. सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या वर्गातून दहावी झालेला मुलगा. नंतर त्यानं लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला आणि आमच्या सोलापुरातच एका लहान लॅबमध्ये आठ महिने काम केलं. मग चांगल्या पगाराच्या नोकरीसाठी पुण्याला गेला, एवढं मला माहीत होतं. ईदला त्याचा मेसेज यायचा. आज मात्र सलाम करून त्यानं थेट हाच प्रश्न विचारला.

मी म्हटलं, "हो, लिटल म्हणजे थोडा. का रे?"

तो जरा वेळ गप्प राहिला. मग सगळं सांगितलं. पुण्यातल्या एका मोठ्या ठिकाणी त्यानं अर्ज केला होता. तिथून एका मॅडमचा फोन आला. नाव, शिक्षण, राहण्याचा पत्ता, सगळं नीट झालं. मग त्यांनी विचारलं, "डू यू हॅव एनी एक्स्पीरियन्स?" यानं तयारी केली होतीच. आदबीनं म्हणाला, "येस मॅडम, आय हॅव लिटल एक्स्पीरियन्स." मॅडम म्हणाल्या, "ओके. वुई नीड समवन विथ सम एक्स्पीरियन्स. थँक यू." आणि फोन बंद.

"आपा, मी तर त्यांना अनुभव आहे असंच सांगितलं होतं. मग त्यांनी अनुभववाला माणूस पाहिजे असं का म्हटलं?"

दोन दिवस तो याच कोड्यात होता. शेवटी खोलीतल्या दुसऱ्या मुलानं त्याला सांगितलं की 'लिटल' म्हटलंस म्हणजे 'मला अनुभव नाहीच म्हणा ना' असं सांगितलंस. 'अ लिटल' म्हणायला पाहिजे होतं. याचा विश्वास बसेना. एवढ्याशा 'अ'मुळे? म्हणून त्यानं मला फोन केला. शिकवलं मी होतं ना.

माझ्या तोंडून 'हो, थोडा' हे उत्तर इतकं सहज गेलं होतं, की ते चुकीचं आहे हे मला त्याची गोष्ट ऐकून झाल्यावर कळलं. मी त्याला म्हटलं, "बेटा, तुझा तो मित्र बरोबर आहे. चूक माझी आहे. मी तुम्हाला हे शिकवलंच नव्हतं."

'नाही आपा, असं काय बोलता' वगैरे तो म्हणाला. मुलं म्हणतातच. पण फोन ठेवल्यावर मी कपाटातली माझी जुनी टाचणवही काढली. त्यात माझ्याच अक्षरात दोन रकाने होते. डावीकडे 'मोजता येणारी नामं' आणि त्याखाली मेनी, फ्यू. उजवीकडे 'मोजता न येणारी नामं' आणि त्याखाली मच, लिटल. खाली लाल शाईनं 'परीक्षेत हमखास'. 'अ फ्यू' आणि 'अ लिटल' कुठंही नव्हतं. त्या मुलाला रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नात पूर्ण गुण मिळाले असणार, याची मला खात्री आहे. त्यानं माझा नियम काटेकोर पाळला होता. एक्स्पीरियन्स मोजता येत नाही, म्हणून लिटल. नियम पाळूनच त्याची नोकरी गेली.

हा लेख त्या रात्रीपासून डोक्यात आहे.

आधी माझ्याविषयी थोडं सांगते. बी.एड.ला माझ्या अध्यापन पद्धती उर्दू आणि मराठी. शाळा उर्दू माध्यमाची. इंग्रजीचे सर निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही आणि "आपा, फक्त या वर्षापुरतं" असं म्हणून इंग्रजीचे तास माझ्या वेळापत्रकात आले. ते 'या वर्षापुरतं' अजून संपलेलं नाही. अशा शिक्षिका आणि शिक्षक तुमच्याही ओळखीत असतील. मी स्वतः इंग्रजी शिकले ते पाचवीपासून. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झालं, तोवर आमची पिढी शाळेतून बाहेर पडली होती. म्हणजे मी जे शिकवते ते मी स्वतः चाचपडत शिकलेलं आहे. माणूस चाचपडत शिकतो तेव्हा त्याला नियमाचा फार आधार वाटतो. दोन रकाने आखले की बरं वाटतं. मुलांनाही बरं वाटतं आणि तपासणीला आलेल्या साहेबांनाही.

पण हे दोन रकानेही मुलांच्या डोक्यात सहज बसत नाहीत. दरवर्षी कुणीतरी 'हाऊ मेनी मनी' म्हणतंच. पूर्वी मी चिडायचे. आता मला वाटतं, ते मूल त्याच्या जागी बरोबर आहे. मराठीत आपण 'किती पैसे' म्हणतो. उर्दूत 'कितने पैसे'. आमच्या घरातल्या दखनीत 'कित्ते पैसे'. पैसे अनेकवचनी आहेत, मोजायचेच असतात, दुकानदार थुंकी लावून मोजतो. आणि इंग्रज म्हणतो मनी मोजता येत नाही! रुपी मोजा, कॉइन मोजा, नोट मोजा, पण मनी मोजू नका. ज्या मुलाच्या घरी महिन्याच्या वीस तारखेनंतर एकेक नाणं मोजलं जातं, त्याला हे पटवायचं म्हणजे शिक्षकाची कसोटीच.

मराठीचा 'किती' तर फार उदार शब्द आहे. किती पाणी, किती माणसं, किती वेळ, किती वेळा, सगळीकडे तोच. त्याचं रूपही बदलत नाही. उर्दूत निदान कितना, कितनी, कितने असं होतं, पण ते लिंग आणि वचन यांच्यामुळे. शब्द एकच. 'खूप', 'पुष्कळ', 'बहुत' यांचंही तसंच. आपल्याला प्रमाण सांगताना वस्तू मोजण्यासारखी आहे की नाही हे आधी ठरवावं लागत नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला ते आधी ठरवावं लागतं. आमची मुलं अडखळतात ती इथं.

एका वर्षी मी रकाने बाजूला ठेवले आणि मुलांना सांगितलं, घरी जाऊन स्वयंपाकघरातल्या डब्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे 'संपला, संपली, संपलं, संपले' यातलं काय लागतं ते मराठीत लिहून आणा. मराठीची शिक्षिका मी, त्यामुळे एका दगडात दोन पक्षी. दुसऱ्या दिवशी फळ्यावर यादी झाली. साखर संपली. मीठ संपलं. दूध संपलं. पण पोहे संपले. तांदूळ संपले. गहू संपले. आणि तेच तांदूळ शिजल्यावर? भात संपला! कच्चे असताना अनेक, शिजले की एक. मुलं हसायला लागली. एक मुलगी म्हणाली, "आपा, चुलीवर ठेवल्यावर त्यांच्यात एकी होते."

इंग्रजीत कच्चा असो की शिजलेला, राइस एकच आणि तो मोजता न येणारा. व्हीट म्हणजे गहू, तोही मोजता न येणारा. पण ओट्स? ते अनेकवचनी. दोन्ही धान्यंच, दोन्हींचे दाणे तेवढेच बारीक. म्हणजे मोजता येणं किंवा न येणं हे दाण्यात नसतं. ते त्या भाषेनं ठरवलेलं असतं. केस आपण विंचरतो, केस गळतात, सगळं अनेकवचनात. इंग्रजीत डोक्यावरचं सगळं हेअर एकवचनी आणि भाजीत एखादा सापडला तर मात्र 'अ हेअर', मोजलेला!

'इन्फर्मेशन'चा तर मला वैयक्तिक अनुभव आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात आमच्यातल्याच एका बाई उभ्या राहिल्या आणि 'मेनी इन्फर्मेशन्स' म्हणाल्या. खोलीत हशा झाला. मीही हसले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण हसले. त्या बाई पुढचे तीन दिवस एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी तसं का म्हटलं हे मला खूप नंतर सुचलं. मराठीत माहिती एकवचनी आहे, 'माहिती मिळाली'. मराठी माध्यमातला माणूस इथं आपोआप वाचतो. पण उर्दूत 'मालूमात' अनेकवचनी आहे, 'मालूमात हासिल हुईं'. उर्दूत विचार करणारा माणूस 'इन्फर्मेशन्स'च म्हणणार. त्या बाई अडाणी नव्हत्या. त्या त्यांच्या भाषेशी प्रामाणिक होत्या.

आणि आपण तरी दुसऱ्यांच्या शब्दांचं काय केलंय? अरबीत 'खबर'चं अनेकवचन 'अखबार', म्हणजे बातम्या. उर्दूनं त्याचं वर्तमानपत्र केलं आणि एकवचनी करून टाकलं. 'आजचा अखबार.' मग अनेक वर्तमानपत्रांसाठी 'अखबारात' असं वेगळं अनेकवचन आलं. 'औलाद' हेही अरबीत अनेकवचन, आपण एका मुलालाही औलाद म्हणतो. मराठीतला 'उमराव' हाही मुळात अमीरचं अनेकवचन, पण आपल्याकडे एकच उमराव रुबाबात फिरतो. गंमत म्हणजे इंग्रजीचा 'न्यूज' दिसतो अनेकवचनी आणि वागतो एकवचनी, अगदी आपल्या अखबारसारखा. मुलांना मी हे सांगते तेव्हा त्यांना इंग्रजीची भीती जरा कमी वाटते. सगळ्याच भाषा या बाबतीत आपापल्या लहरीनं वागतात, हे कळतं.

इंग्रजांचंही आपापसात एकमत नाही. 'फ्युअर' मोजता येणाऱ्यासाठी आणि 'लेस' न येणाऱ्यासाठी, असं आपण घोकतो. पण इंग्रजीत राजा आल्फ्रेडच्या काळापासून, म्हणजे हजारावर वर्षं, 'लेस' दोन्हीसाठी वापरलं गेलं आहे. 1770 मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या एका माणसानं आपल्या पुस्तकात लिहिलं की संख्येच्या बाबतीत 'फ्युअर' जास्त शोभून दिसेल. ते त्याचं मत होतं. पुढच्या लोकांनी त्याचा कायदा केला. ब्रिटनमधल्या मोठ्या दुकानांत कमी सामान असलेल्यांच्या रांगेवर 'टेन आयटम्स ऑर लेस' अशा पाट्या असायच्या आणि त्यावरून लोक भांडायचे. शेवटी 2008 साली टेस्कोनं वाद नको म्हणून 'अप टू टेन आयटम्स' असं लिहायचं ठरवलं. ज्यांची ती भाषा त्यांचं हे असं, तर सोलापुरातल्या मुलाची एवढी थट्टा कशाला?

वाटाण्याची गोष्ट मुलांना सगळ्यात आवडते. जुन्या इंग्रजीत वाटाण्याला 'पीझ' म्हणत आणि तो शब्द एकवचनी होता. शेवटी 'झ' ऐकून लोकांना वाटलं हे अनेकवचनच असणार. मग एकासाठी काय म्हणायचं? सतराव्या शतकात लोकांनी 'झ' काढून 'पी' तयार केला. चुकीतून शब्द जन्मला आणि आज तोच शुद्ध आहे.

याचा अर्थ नियम शिकवू नयेत असा नाही. नोकरी, परीक्षा, अर्ज सगळीकडे तेच लागणार आहेत आणि आमच्या मुलांना एका चुकीची जी किंमत द्यावी लागते ती मोठ्या घरच्या मुलांना द्यावी लागत नाही. म्हणून मी त्यांना काही सोपे आधारही देते. सम, एनी, अ लॉट ऑफ, प्लेंटी ऑफ, इनफ हे शब्द आपल्या 'खूप' आणि 'पुरेसं' यांच्यासारखे आहेत, दोन्ही बाजूंना चालतात. अडलात की यांना हाक मारा. 'मच' साध्या होकारी वाक्यात टाळा. बोलताना इंग्रजसुद्धा 'आय हॅव मच वर्क' सहसा म्हणत नाही, 'अ लॉट ऑफ वर्क' म्हणतो. 'मच' प्रश्नात आणि नकारात जास्त शोभतो.

हे सगळं मला येत होतं. याचाच मला त्या रात्री जास्त त्रास झाला. मोजता येणारं आणि न येणारं यातली गंमत मी मुलांना वर्षानुवर्षं सांगितली, डबे मोजले, वाटाणे सोलले. पण ज्या ठिकाणी खरोखर अर्थ बदलतो तिथं मी थांबलेच नाही. 'मेनी मनी' म्हटलं तर लोक हसतील, पण अर्थ समजेल. 'लिटल' आणि 'अ लिटल' यात कुणी हसत नाही. ऐकणाऱ्याला वाक्य शुद्धच वाटतं. तो फक्त उलटा अर्थ घेऊन निघून जातो.

मी जुन्या बाजारातून घेतलेलं रेन अँड मार्टिनचं व्याकरण काढलं. त्यात हे होतं. लिटल, अ लिटल, द लिटल, फ्यू, अ फ्यू, द फ्यू, उदाहरणांसकट. त्या पानावर माझीच पेन्सिलची खूण होती. म्हणजे मी ते वाचलं होतं आणि परीक्षेत येत नाही म्हणून सोडून दिलं होतं.

हे मुलांना समजेल असं कसं सांगायचं? मी दोन दिवस विचार केला आणि उत्तर मराठीतच सापडलं. आपल्याकडे 'थोडाफार अनुभव आहे' आणि 'थोडाच अनुभव आहे' ही दोन वाक्यं एक नाहीत. अनुभव दोघांनाही कदाचित आठच महिन्यांचा असेल. पण पहिला माणूस काम मागतोय आणि दुसरा माफी मागतोय. फरक पडतो तो 'च'मुळे. उर्दूतही 'थोडा बहुत तजुर्बा है' वेगळं आणि 'बहुत कम तजुर्बा है' वेगळं. म्हणजे हा फरक आपल्या मुलांना जन्मापासून कळतो. मला फक्त एवढंच सांगायचं होतं की 'अ लिटल' म्हणजे थोडाफार आणि नुसतं 'लिटल' म्हणजे थोडाच. 'अ फ्यू' म्हणजे थोडेफार, 'फ्यू' म्हणजे थोडेच. आपण निराशेसाठी एक अक्षर वाढवतो, इंग्रजी आशेसाठी एक अक्षर वाढवते. रिकाम्या जागांच्या शंभर प्रश्नांनी जे झालं नसतं ते या एका 'च'नं झालं असतं.

आमची मुलं हा 'अ' का गाळतात, यावरही मी विचार केला. एक कारण उघड आहे. मराठीत आणि उर्दूत असा शब्दच नाही. दुसरं कारण मला माझ्या अनुभवावरून वाटतं. उर्दू लिहिताना आपण जबर, जेर, पेश सहसा लिहीत नाही. वाचणारा संदर्भावरून ओळखतो. बारीकसा 'अ' कागदावर न उमटवण्याची आणि तरी तो आहे असं मानण्याची आमच्या मुलांना सवय असते. फोनवर तर इंग्रजीतला हा 'अ' इतका हलका उच्चारला जातो की कानालाही लागत नाही.

त्या आठवड्यात मी वर्गात विचारलं, "घरी कुरआन वाचताना जबर-जेर सोडून वाचता का?"

सगळे एकदम म्हणाले, "नाही आपा!"

"का?"

"माने बदल जाते."

"बस. 'लिटल'च्या आधीचा हा 'अ' तसाच. उर्दूच्या गोष्टीच्या पुस्तकातल्या जबरसारखा समजून सोडू नका. इथं माने बदल जाते."

मग मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'देअर इज लिटल वॉटर.' 'देअर इज अ लिटल वॉटर.' आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाण्याचा विषय सगळ्यांच्या ओळखीचा. मी म्हटलं, "पिंपात तळाशी एवढंसं पाणी आहे. दोन्ही वाक्यांत तेवढंच आहे. पहिलं वाक्य ऐकून तुमची अम्मी काय करेल?" मुलगा म्हणाला, "ओरडेल. हात धुवायला पण देणार नाही." "आणि दुसरं ऐकून?" मागच्या बाकावरची, एरवी कधी न बोलणारी एक मुलगी उठली. म्हणाली, "चाय रखेगी, आपा. मेहमान आए तो."

मी त्या मुलीकडे बघत राहिले. व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात मला याहून चांगली व्याख्या मिळाली नसती.

त्या मुलाला मी पुन्हा फोन केला होता, ते राहिलंच सांगायचं. त्याला म्हटलं, आता पुढच्या वेळी 'लिटल'ही नको आणि 'अ लिटल'ही नको. जे मोजता येत नाही ते मोजण्याजोगं करून सांग. इंग्रजी स्वतःही तेच करते. वॉटर मोजता येत नाही, पण टू ग्लासेस ऑफ वॉटर मोजता येतं. ॲडव्हाइस मोजता येत नाही, पण अ पीस ऑफ ॲडव्हाइस मोजता येतो. आपणही चिमूटभर मीठ, मूठभर शेंगदाणे, वाटीभर साखर म्हणतोच. मग तुझा अनुभवही वाटीत घालून दे. "आय हॅव वर्क्ड इन अ लॅब फॉर एट मंथ्स." रोज साधारण किती नमुने घ्यायचास ते सांग. कुठल्या तपासण्या स्वतः केल्यास ते सांग. आकडा आला की समोरच्याला थोडा की थोडाच हे ठरवायला जागा राहत नाही.

त्यानं ते वाक्य फोनवर पाच-सहा वेळा म्हणून दाखवलं. तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज मोकळा झाला.

ती नोकरी त्याला मिळाली नाही. त्या ठिकाणी त्यानं पुन्हा अर्ज केला, पण जागा भरली होती. काही महिन्यांनी एका लहान लॅबमध्ये लागला. पगार तिथल्यापेक्षा कमी. तो म्हणतो, आपा, जे होतं ते भल्यासाठीच होतं. मी त्यावर आमीन म्हणते, पण माझा हिशोब तेवढ्यानं मिटत नाही. शिक्षकाची चूक दुसऱ्याच्या आयुष्यात जाऊन फळते आणि बहुतेक वेळा शिक्षकाला ती कळतही नाही. मला कळली, कारण त्या मुलाला अजून मला फोन करावासा वाटला. ज्यांनी फोन केला नाही असे किती असतील? हा 'किती' मात्र मला मोजता येत नाही.

माझी अम्मी शाळेत गेली नव्हती. ती तव्यावरून रोट्या उतरवायची आणि आम्ही भावंडं मोजायला लागलो की म्हणायची, "रोटियां नक्को गिनो, बरकत जाती." डब्यात तीन असोत की तेरा, दारात कुणी आलं तर तिचं एकच उत्तर असायचं, "आहे ना, बसा." तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण घरात थोडंच आहे असं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. जे होतं ते तिच्या लेखी नेहमी थोडंफार असायचं. आपल्या घरांतून हीच भाषा आहे. ती मुलांच्या इंग्रजीत उतरताना वाटेत एक 'अ' गळतो. तो गळू न देणं एवढंच माझं काम होतं.

आता माझ्या टाचणवहीतली ती दोन रकान्यांची पानं तशीच आहेत. फाडली नाहीत. त्यांच्या खाली मी एक ओळ वाढवली आहे: आधी अर्थ, मग रकाना. 'परीक्षेत हमखास' हे खोडून टाकलं आहे.

आणि माझ्यासारखेच, आपला विषय नसताना इंग्रजी शिकवणारे कुणी हे वाचत असतील, तर त्यांना एक विनंती. उद्या वर्गात गेल्यावर मुलांना 'थोडाच' आणि 'थोडाफार' यातला फरक विचारा. त्यांना तो येतो. तिथून सुरू करा.